सलग चार तास

‘बाळ झोपलं की तूही झोपून घे.’ बाळंतिणीला हा सल्ला न दिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. डॉक्टर देतात, शेजारीण देते, बाळ बघायला आलेली लांबची मावशी चहाचा कप खाली ठेवता ठेवता देते. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणात मीही दिला, दिवसातून तीनदा तरी. आणि देऊन झाला की मी माझ्या खोलीत जाऊन झोपायचे.

बाळ झोपल्यावर आईला काय काय करायचं असतं, ते एकदा शेजारी बसून बघा. ओलं दुपटं बदलून बादलीत टाकायचं. स्वतः लघवीला जाऊन यायचं, आणि टाके असतील तर त्याला दहा मिनिटं. दुधाने भिजलेला गाऊन बदलायचा. पाण्याचा तांब्या रिकामा असेल तर भरून आणायचा, कारण पाजताना घसा कोरडा पडतो. मग पडायचं. डोळा लागतो न लागतो तोच पाळण्यात कुरकुर सुरू. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. ते एकूण चौदा ते सतरा तास झोपतं हे खरं, पण तुकड्यातुकड्यांनी. आणि रात्र कुठली, दिवस कुठला, हे त्याच्या शरीराला पहिले दोन-तीन महिने ठाऊकच नसतं.

अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्या आयांची झोप पहिले चार महिने मोजली. रात्रीची एकूण झोप सरासरी सात तासांहून थोडी जास्तच निघाली. म्हणजे हिशेबाने काही बिघडलेलं नाही. बिघाड होता तो झोपेचे तुकडे पडण्यात. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. ते पुन्हा पुन्हा मोडलं तर झोप अंगी लागत नाही. विरजण लावलेलं भांडं तासातासाला हलवत राहिलात, तर आठ तास झाले म्हणून दही लागतं का? आईला ‘किती तास झोपलीस?’ असं विचारणं म्हणजे भांडं किती वेळ ओट्यावर होतं एवढंच विचारणं. विचारायचं ते हे, की सलग किती झोपलीस.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाळंतिणीला चोवीस तासांत एकदा तरी सलग चार तास झोप मिळायला हवी, आणि ती मिळवून देणं हे तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाचं तरी ठरलेलं, नाव घेऊन सांगता येईल असं काम असायला हवं. ‘जमेल तेव्हा झोप’ ही व्यवस्था नव्हे. जमेल तेव्हा म्हणजे कधीच नाही, हे ज्या बायकांनी संसार केले त्यांना नव्याने सांगायला नको.

हे सगळं बाळंतपणाच्याही आधी सुरू होतं. सातव्या-आठव्या महिन्यापासून रात्री वाईट जायला लागतात आणि घरातले सगळे कौतुकाने म्हणतात, ‘आतापासूनच सवय होतेय बघ जागरणाची.’ वाढतं पोट मूत्राशयावर दाबून तासातासाला उठवतं. संडास घरात असेल तर एक वेळ ठीक. चाळीत तो मजल्याच्या टोकाला असेल किंवा गावात परसदारी, तर रात्री चारदा उठायचं म्हणजे चारदा कुणाला तरी सोबतीला उठवायचं. मग बाई संध्याकाळनंतर पाणीच प्यायची बंद होते. आडवं झालं की छातीत जळजळ, पहाटे पोटरीत गोळा. शिवाय दिवा मालवला की पायांत काहीतरी वळवळतंय असं वाटायला लागतं. पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. घरचे म्हणतात, दिवसा चालत नाहीस म्हणून. पण या वळवळीचा लोहाच्या कमतरतेशी संबंध आहे, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. लोहाच्या गोळ्या घरात असतात. त्या सकाळच्या चहाबरोबर घेतल्या जातात, आणि चहा ते लोह अंगी लागू देत नाही. रात्री पाय वळवळतात का, हा एक प्रश्न तपासणीला विचारला तर निदान गोळ्या नीट घेतल्या जाताहेत का, हे तरी कळेल.

घोरण्याचंही तसंच. नवव्या महिन्यात बाई घोरायला लागली की घरभर हसू. डोहाळजेवणात त्यावर उखाणासुद्धा होतो. पण गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं जोराचं घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं यांचं वाढलेल्या रक्तदाबाशी आणि गरोदरपणातल्या मधुमेहाशी नातं दिसून आलेलं आहे. ते हसण्यावारी न नेता डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर उताणं न झोपता कुशीवर झोपावं, हा सल्ला आता बहुतेकींना मिळतो. न्यूझीलंड आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांत उताणं झोपण्याचा संबंध मृत बाळ जन्मण्याच्या वाढत्या धोक्याशी दिसला होता. (जाग आली आणि आपण उताण्या आहोत असं दिसलं तर घाबरायचं नाही, कूस बदलायची. माझ्या लेकीने या भीतीपायी आठवडाभर झोपच सोडली होती, म्हणून सांगते.) सॅन फ्रान्सिस्कोत १३१ पहिलटकरणींवर केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. शेवटच्या महिन्यात रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांमध्ये सिझेरियन होण्याची शक्यता साडेचार पट दिसली. अभ्यास छोटा आहे, आणि एकामुळेच दुसरं घडलं असं त्यातून म्हणता येत नाही. पण आमच्याकडे सिझेरियन का झालं याची चर्चा बारशापर्यंत पुरते. त्या चर्चेत कुणी झोपेचं नाव काढल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता माझ्या लेकीची सतरावी रात्र. तीन वाजून गेले होते. मी पाणी प्यायला उठले तर तिच्या खोलीत उजेड. बाळ गाढ झोपलेलं, आणि ही मांडी घालून त्याच्याकडे बघत बसलेली. त्याची छाती वरखाली होतेय का ते बघत होती. मी कुजबुजले, ‘अगं, तो झोपलाय तर झोप ना!’ ती म्हणाली, ‘आई, मला झोप येतच नाहीये. तो झोपला तरी नाही येत.’

मी तिच्या डोक्यावर तेल थापलं, दूध-जायफळ दिलं आणि दिवा मालवला. ते काय होतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपण्यासाठी दहा प्रश्नांची एक पट्टी १९८७ पासून जगभर वापरतात. एडिनबरोची पट्टी म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात झोपेचा एक प्रश्न आहे, पण तो ‘झोप होते का?’ असा नाही. मन इतकं दुःखी आहे का, की झोप लागणं अवघड झालंय, असा तो प्रश्न आहे. बाळ उठवतं म्हणून झोप होत नाही ही एक गोष्ट. झोपायची सोय असून झोप लागत नाही ही निराळी. पहिलीला घरातल्या दुसऱ्या माणसाने उठणं हा उपाय आहे, दुसरीला डॉक्टर लागतो. आणि ‘बाळ झोपलं की झोप’ या सल्ल्यात दोन्ही एकत्र कालवल्या जातात. वर जिला झोप येत नाही तिला, आपलंच काहीतरी चुकतंय, असं वाटायला लागतं.

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना मुलगी होणं, ही त्यामागची कारणं. म्हणजे नुसत्या झोपेने सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. मार खाणाऱ्या बाईला जायफळ देऊन काय होणार? पण तुटलेली झोप आणि नैराश्य एकमेकांना वाढवत नेतात. हजारात एखाद-दुसरीला बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत वेगळंच काही होतं: दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, तरी थकवा नाही, अखंड बोलणं, भलतेच संशय. गावाकडे याला ‘बाहेरचं’ म्हणतात आणि अंगारा लावतात. ही तातडीची आजारपणं आहेत, त्याच दिवशी दवाखाना गाठायची, आणि झोप साफ उडणं ही बहुतेक वेळा त्यांची पहिली खूण असते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत अशा आयांना बाळासह ठेवून घेणारा विभाग २००९ पासून आहे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन नंबर तर आता कुठूनही लागतो. पण नंबर फिरवण्याआधी कुणीतरी ‘झोप येते का गं?’ असं विचारायला हवं.

कोण विचारणार? बाळंतिणीची स्वतःची तपासणी दीड महिन्याच्या आसपास संपते. बाळाची मात्र दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना लसीसाठी फेरी असते. बाळाला कुशीत घेऊन ती तिथे बसलेलीच असते. बाळाचं वजन होतं, डोकं मोजलं जातं, कार्डावर शिक्का पडतो. आईला विचारलं जातं ते एवढंच, की दूध पुरतं का. जणू ती दुधाची टाकी. शिवाय आशाताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या भेटींचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली, १९९९ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे देशभर योजना झाली. अंगणात येणारी बाई बाळाचा जीव वाचवू शकते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं. तर त्याच भेटीत आईला दोन प्रश्न जास्तीचे विचारावेत: काल रात्री सलग किती वेळ झोपलीस? आणि बाळ झोपलेलं असताना तुला झोप येते का? दोन मिनिटांचं काम आहे. आशाताईंवर आधीच कामाचा ढीग आहे आणि मोबदला तुटपुंजा, हे मला माहीत आहे. त्या दोन मिनिटांचेही त्यांना पैसे मिळायला हवेत.

‘आमच्या वेळी नव्हते असले प्रश्न’ असं माझ्या वयाच्या बायका म्हणतील. मीही म्हणत असे. पण आमच्या वेळी काय होतं ते नीट आठवून बघू या. दहा दिवस सोयर. मग सव्वा महिना खोली. विटाळाच्या नावाखाली का होईना, बाळंतिणीला चुलीपाशी फिरकू देत नसत. सकाळी मालीश, कढत पाण्याची आंघोळ, शेगडीवर ओवा-शेपा-बाळंतशेपांची धुरी, डोक्याला फडकं, आणि मग अंधाऱ्या खोलीत बाज. दहा वाजल्यापासून बारा-साडेबारापर्यंत त्या दाराला कुणी हात लावत नसे. त्या झोपेची चव मला अजून आठवते. विटाळ गेला ते फार बरं झालं. खोली कोंदट असायची, काही घरांत बाळंतिणीला पाणीसुद्धा बेताचं द्यायचे, आणि माहेरच्या पहिल्या बाळंतपणाचे लाड दुसऱ्या-तिसऱ्याला नसायचे. पण विटाळाबरोबर ते बंद दाराचे दोन तासही गेले. आता मालीशवाल्या मावशींना सकाळची पाच घरं असतात, त्या पाऊण तासात उरकून जातात. अकरा वाजता कुरियरवाला बेल वाजवतो. आणि दुपारी पाहुणे. ज्या पुण्यात दुकानं १ ते ४ बंद असतात आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही, त्याच पुण्यात दुपारी अडीचला बाळंतिणीला उठवून ‘दाखव ना बाळ, आम्ही लगेच निघतोच आहोत’ म्हणणाऱ्या लोकांना मी माझ्या हाताने पोहे करून खाऊ घातले आहेत. दुकानाला पाटी लावता येते, तर बाळंतिणीच्या दाराला का नाही?

जुन्यातली आणखी एक गोष्ट. पाचव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला येते म्हणून घर जागं ठेवायचं. पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही. सटवाईवर माझा विश्वास नाही. पण त्या एका रात्री बाळासाठी जागणं हे अख्ख्या घराचं काम असे. सहाव्या रात्रीपासून ते एकटीचं.

एकटीचं का, याचं उत्तर आता कायद्यातही सापडतं. १९६१ च्या मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलंच झालं. पण बापासाठी कायद्याने खासगी नोकरीत एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्येच पितृत्व रजेचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. परिणाम घरात दिसतो. एकाला रजा आहे आणि दुसऱ्याला सकाळी नऊची गाडी पकडायची आहे, म्हटल्यावर रात्र कुणाची, हे भांडण सुरू होण्याआधीच संपतं. ‘तुला काय, सकाळी ऑफिस नाही.’ तिला मिळालेली रजाच तिच्या जागरणाचं कारण होते. जर्मनीतल्या हजारो आई-बापांच्या माहितीवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की बाळ झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप सरासरी तासाभराने घटली, बापाची पंधरा मिनिटांनी. तेही जर्मनीत. आपल्याकडे २०१९ च्या सरकारी कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात असं निघालं, आणि शंभरातले जे २६ पुरुष काही घरकाम करतात ते ९७ मिनिटं. त्या सर्वेक्षणात दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने करतात. बाळंतिणीची रात्र त्या रकान्यांत कशी भरणार, हा प्रश्न मला पडतो.

ज्यांना रजा हा शब्दच माहीत नाही त्यांचं तर विचारूच नका. बीडकडून ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाच्या हिशेबात बाई एकटी मोजलीच जात नाही. उचल आधी घेतलेली, खाडा केला तर पैसे कापणार. पोटुशी असली तरी पहाटे काळोखात कोपीतून निघायचं, आणि बाळ झालं की फडाच्या कडेला साडीच्या झोळीत. तिला ‘चार तास सलग झोप’ सांगायला गेलात तर ती हसेल. तिच्यासाठी झोपेचा प्रश्न हा थेट मजुरीचा प्रश्न आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये किती दिवसांच्या खाड्याला पुरतात, याचा हिशेब मुकादमाला पाठ असतो. शहरात ज्यांना परवडतं ते रात्रपाळीची बाई ठेवतात. तेही एक उत्तर आहे. पण ती बाई रात्रभर दुसरीचं बाळ थोपटत असताना तिच्या घरी तिच्या मुलाला कोण थोपटतं, हे मी आमच्या सोसायटीतल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, ‘मोठी मुलगी.’ मोठी मुलगी दहा वर्षांची.

‘पाजायचं आईलाच ना, मग बाप जागून काय करणार?’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकायला मिळाला, आणि म्हणणारे सगळे बाप नव्हते. पाजायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्याच्या आधी बाळाला उचलून आणणं, नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, दुपटं बदलणं, फेऱ्या मारून झोपवणं, यात पाऊण तास जातो, आणि त्यासाठी दूध लागत नाही. आई कुशीवर पडल्या पडल्या पाजेल. बाकी सगळं दुसरं कुणीतरी करेल. दूध एकदा चांगलं उतरायला लागलं की एका खेपेचं काढून ठेवता येतं, ते खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं, आणि वाटी-चमच्याने कुणीही पाजू शकतं. त्या एका खेपेत चार तास निघतात.

आम्ही हे अठराव्या रात्रीपासून केलं. म्हणजे मी जावयांना सांगितलं, आणि सांगताना मलाच अवघडल्यासारखं झालं, कारण जावयाला काम सांगायची आमच्याकडे रीत नाही. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, ‘अहो, त्याला सकाळी गाडी चालवायची असते.’ तेही खरंच होतं. म्हणून त्यांना नऊ ते एक दिले, एकनंतर ते झोपतील. पहाटेची फेरी मी घेतली. लेकीला नऊ वाजता माझ्या खोलीत झोपवलं, दार लावलं, फोन काढून घेतला. पहिला अर्धा तास ती दाराआडून ‘तो रडतोय का?’ विचारत राहिली. मग आवाज बंद झाला.

एक वाजून दहा मिनिटांनी ती दचकून बाहेर आली. ब्लाउज पुढून सगळा भिजलेला, केस सुटलेले, डोळ्यांत भीती. ‘बाळ कुठंय?’ हॉलमध्ये टीव्ही आवाज बंद करून चालू होता, कुठलीशी जुनी मॅच. जावई सोफ्यावर सरळ बसलेले, हलायची सोय नाही अशा बेताने. बाळ खांद्यावर, तोंड उघडं टाकून झोपलेलं, आणि शर्टावर दुधाचा ओघळ वाळलेला. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. ती तिथेच खाली बसली आणि मला म्हणाली, ‘आई, भूक लागलीये गं.’ सतरा दिवसांत पहिल्यांदाच ती आपणहून असं म्हणाली होती.